पाटीवर काय लिहिलंय

डोंबिवलीच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या की थंडी आली, असं मी धरून चालते. एरवी इथल्या थंडीचा भरवसा नाही. पहाटे गोधडी ओढून घ्यावी आणि कामाला निघेपर्यंत पंखा लावावा, एवढीच तिची ऐपत. शेंगांचं तसं नसतं. भात कापून झालं की शीळफाट्याच्या आसपास जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, आणि मार्गशीर्ष सरता सरता त्या शेंगा टोपल्यांतून इथवर येतात. माझं आजोळ तिकडचं. टोपलीपुढे उभी राहिले की भाजीवाली काहीतरी सांगत असते आणि माझं लक्ष नसतं. मला एका शाळेच्या हॉलमधल्या प्रोजेक्टरची टिकटिक ऐकू येत असते.

यंदा त्यात भर पडली. मी इथल्या एका कॉलेजात लायब्रेरियन आहे. महिन्याभरापूर्वी एका दुपारी दोन पोरं काउंटरशी येऊन उभी राहिली. पुस्तक परत करायला आलेली पोरं अशी हसत येत नाहीत, म्हणून मी आधीच सावध झाले.

"मॅडम, आपला फिल्म क्लब चालू होतोय. सुरुवातीला सगळे सायलेंट पिक्चरच लावायचं ठरलंय," त्यातला उंच म्हणाला. "सर बोलले, तुम्ही लय बघितलेत. चार-पाच भारी नावं द्या ना."

"आणि मिळणार कुठून तुम्हाला?"

"दादरला एकाकडे कॅसेटी आहेत. तो म्हणतो, नाव सांगा, काढून देतो. तुम्ही फक्त नावं द्या."

मी सोमवारी या म्हटलं. पोरं गेली आणि मी कपाळाला हात लावला, कारण मला एकही नाव ठाऊक नाही. सिनेमे आठवतात. कोण कुठून आत आलं, कुणाच्या हातात काय होतं, कुठल्या क्षणी हॉलमधलं कोण खोकलं, सगळं आठवतं. नावं मात्र आमच्या घरात आईने ठेवलेली होती. रंगाऱ्याचा, धोबिणीचा, घड्याळजीचा, नावाड्याचा. दादरच्या माणसाकडे जाऊन 'धोबिणीचा द्या' म्हटलं तर तो पोरांना वेड्यात काढील.

तेव्हा आम्ही बाळकुमला राहत होतो. ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं. बाळकुम अजून गावच होतं, घरामागे शेत होतं, खाडीवरून वारा आला की मिठागराचा खारट वास घरात यायचा. बाबा कोलशेतच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, कामगारांच्या हजेऱ्या मांडायला होते. गावातले ते पहिले मॅट्रिक. कारखान्यात साहेबलोकांशी इंग्रजीत, कारकुनांशी छापील मराठीत आणि घरी आल्यावर आमच्या आगरी बोलीत, असे ते तीन तोंडांनी बोलायचे. आईला एकच बोली यायची. तिला अक्षरओळखही नव्हती, पण सोसायटीच्या दुकानात वजनकाट्याकडे ती अशी बघायची की दुकानदार आपसूक मूठभर जास्त टाकायचा.

आणि दादूस होता. आमच्यात थोरल्या भावाला दादूस म्हणतात. त्या वर्षी गणपती जाऊन आठवडाही झाला नसेल, दादूसला ताप भरला. रविवार होता. संध्याकाळी त्याचं अंग हात ठेववणार नाही इतकं तापलं, तेव्हा आई म्हणाली, आता न्या. बाबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, जरा वेळ ठेवूनच राहिले, आणि म्हणाले, "आज रविवार हाय. मोठा डॉक्टर नसल. उद्या न्यू." दुसऱ्या दिवशी सकाळी दादूस शुद्धीवर नव्हता. बाबांनी त्याला उचलून रिक्षात घातला, मी पाय धरले. हॉस्पिटलातून तो परत आला नाही.

तिथले डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की ताप मेंदूत चढला होता, काल आणला असता तरी काही सांगता आलं नसतं. आई मागेच उभी होती. तिने त्यातला एकच शब्द ऐकला, 'काल'. त्यानंतर ती बाबांशी बोलली नाही.

नवराबायकोचा अबोला आपल्याकडे काही नवीन नाही. प्रत्येक घरात तो अधूनमधून येऊन जातो आणि त्याचे रीतिरिवाज ठरलेले असतात. भांडी जरा जोरात आपटायची, चहा समोर ठेवायचा पण 'घ्या' म्हणायचं नाही, आणि जे सांगायचं ते पोरांच्या तोंडून सांगायचं. सण आला की अबोला सुटतो, कारण नारळ फोडायला कोणीतरी लागतंच. आमच्या घरी दसरा आला आणि गेला, दिवाळीला दिवे लागलेच नाहीत, आणि हा अबोला तसाच राहिला. यात भांडी आपटत नव्हती. आई सगळं करायची. बाबांचा डबा, त्यांची आंघोळीची बादली, धुतलेला सदरा खुंटीवर. शब्द तेवढा काढून घेतला होता.

"बाय, तुज्या बाबूसला सांग, जेवान वाढलाय," ती मला म्हणायची. बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेले असायचे.

"सांग तुज्या आईला, आलू," बाबा म्हणायचे.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वीस वर्षांची घोडी, मधे बसून निरोप पोचवत होते. टीव्हीवर आईने चादर टाकली होती, ती कोणी काढली नाही. त्या दोघांतलं एक माणूस तुटत चाललंय, हे मला दिसत होतं. बाबा वाळत होते. आईला बोलायला लावणं माझ्या हातात नव्हतं, आणि असंच चालू राहिलं तर एक गेलाच आहे, दुसराही हातचा जाईल, या भीतीने मला अन्न गोड लागत नव्हतं.

दातारसाहेब बाबांचे जुने अधिकारी. रिटायर झाल्यावर ठाण्यातल्या फिल्म सोसायटीचं काम बघायचे. ते एकदा घरी भेटायला आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "म्हात्रे, घरात बसून काय होणार? या हिवाळ्यात आम्ही दर रविवारी सकाळी मूकपट लावतोय. तिघंही या. बोलायचं नाही, ऐकायचं नाही, नुसतं बघायचं." आमच्या घरातल्या अबोल्याचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. बाबांना रविवारची सकाळ घरात काढवत नव्हतीच. ते हो म्हणाले. आईला एकटी ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी तिलाही ओढली. ती आली, पण हात रिकामे घेऊन आली नाही. मोड आलेल्या वालांचा स्टीलचा डबा पिशवीत घालून आली.

ज्यांनी बिरडं खाल्लंय पण केलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेकाचं साल काढायचं. दाण्याला दोन बोटांत हलकेच दाबलं की तो सालातून टुपकन बाहेर येतो. जोर जास्त झाला तर दाणा दुभंगतो, आणि दुभंगलेल्या दाण्यांचं बिरडं म्हणजे नुसता लगदा. हे काम आईची बोटं अंधारात करू शकायची. पहिल्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये दिवे मालवले, प्रोजेक्टर सुरू झाला, आणि माझ्या डाव्या अंगाने टुप, टुप असा आवाज यायला लागला. मोडाचा उग्र वास दोन रांगा पुढपर्यंत गेला. पुढच्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. दातारसाहेबांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

बसायची पद्धत ठरून गेली. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई आणि मधे मी, जशी घरी तशीच इथे. पडद्यावर माणसं तोंड हलवायची, मग काळ्या चौकटीत पांढरी इंग्रजी अक्षरं यायची. आई त्याला पाटी म्हणायची. पाटी आली की मी तिच्या कानाशी मराठीत सांगायची.

पहिला होता रंगाऱ्याचा. एक लठ्ठ रंगारी खोलीच्या दारापासून जमीन रंगवत रंगवत मागे सरकतो आणि कोपऱ्यात अडकून पडतो. रंग वाळेपर्यंत तिथेच उभा. घरची माणसं दारातून त्याला पाव फेकतात, बातम्या सांगतात, एकजण तर लग्नाची सोयरीक घेऊन येतो. हॉल हसून लोळत होता. मीही हसले आणि मग डावीकडे बघितलं. आई हसत नव्हती. ती त्या कोपऱ्यातल्या माणसाकडे बघत होती. बाबाही तसेच बघत होते. सिनेमात पुढे एक पाटी आली, 'नेक्स्ट मॉर्निंग'. मी विचार न करता आईच्या कानाशी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी." टुप टुप थांबली. हातातला दाणा तसाच दाबून धरून ती बसली. पडद्यावरचा रंग वाळला, रंगारी बाहेर पडला, लोकांनी टाळ्या दिल्या, तरी आवाज पुन्हा सुरू झाला नाही.

मूकपटांत ही पाटी फार येते, हे मला तेव्हा कळलं. त्यांना काळ पुढे न्यायचा असतो आणि दुसरा मार्ग नसतो. मी त्या पाटीचं भाषांतर 'मग' असं करायला लागले. "मग काय झालं, तर..." आईने कधी विचारलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला माझा घसा बसला. तिळगूळ खाऊन सुद्धा. शब्द फुटेना, नुसती हवा बाहेर येत होती. रविवारी हॉलमध्ये दिवे मालवले, धोबिणीचा सुरू झाला, पहिली पाटी आली आणि मी आईकडे तोंड करून घसा खाकरला, तर काहीच नाही. पाटी गेली. दुसरी आली, तीही गेली. आईची मान किंचित पुढे आली होती. ती वाट बघत होती. मी उठले आणि बाबांना खुणेने माझ्या खुर्चीवर सरकायला सांगितलं. त्यांनी आधी आईकडे एकदा पाहिलं. मग सरकले.

तिसऱ्या पाटीला बाबांनी तोंड उघडलं. पडद्याकडे बघत, आईकडे वळूनही न बघता, त्यांनी टाइम ऑफिसातल्या छापील मराठीत म्हटलं, "'कृपया माझ्या पतीची काही वार्ता असल्यास कळवावी,' असे ती म्हणते." इतक्या महिन्यांनी त्यांचा शब्द थेट तिच्या कानावर पडत होता. मला वाटलं ती उठून जाईल. पण हे बोलणं नव्हतंच. ते नुसती पाटी वाचत होते. अबोल्याच्या नियमात पाटी वाचणं बसत होतं. टुप टुप चालू राहिली.

धोबिणीचा मला आजही सगळ्यांत आवडतो. तिचा नवरा लढाईवर गेलेला असतो. ती गावाचे कपडे धुते आणि कपड्यांवरून तिला सगळ्यांचं सगळं कळतं. कुणाच्या सदऱ्याला दारूचा डाग, कुणाच्या उशीला अश्रूंचे ओघळ. तिचा चेहरा वाकलेला असतो, आपल्याला तिचे हातच दिसत राहतात. मधे एक पाटी आली. त्यावर इंग्रजीत इतकंच होतं की तिने हिवाळाभर वाट पाहिली. मी वाचली ना स्वतः.

"तिने हिवाळाभर वाट पाहिली," बाबा म्हणाले. मग आवाज आणखी खाली नेऊन म्हणाले, "घरात मानूस व्हता. पन त्यानं तिला एक दीस पन विचारला नाय, तुला कसा वाटतंय."

मी चपापून पडद्याकडे बघितलं. पाटी केव्हाच गेली होती, धोबीण ओले कपडे दोरीवर टाकत होती, तिच्या घरात कोणी माणूस नव्हता. आणि गोऱ्या देशातली ती पाटी बाळकुमच्या बोलीत बोलली होती. मी आईकडे बघितलं. अंधारात तिचा चेहरा दिसेना, पण बोटं चालत होती, जरा सावकाश.

माझा घसा दोन दिवसांत सुटला. पुढच्या रविवारी मी गपचूप कडेच्या खुर्चीवर बसले आणि बाबांना मधे बसू दिलं. घड्याळजीचा होता त्या दिवशी. त्यातल्या पाट्या बाबांनी बऱ्याचशा जशाच्या तशा सांगितल्या, पण अधूनमधून एखादी लांबायची. तीन शब्दांच्या पाटीत घड्याळजी त्याच्या मुलाच्या लहानपणाबद्दल बोलायचा, मुलगा सायकल शिकताना खाडीच्या बांधावरून कसा पडला होता, ते सांगायचा. सिनेमातल्या घड्याळजीला मूल नव्हतं.

दादूस सायकल शिकताना बांधावरून पडला होता. त्याला उचलताना बाबांचा तळपाय चिखलात रुतलेल्या बाटलीने कापला होता. हे आम्हाला तिघांनाच माहीत होतं.

पौष सरून माघ लागला. बाळकुमला खळी उठली, पेंढ्याच्या गंजी रचल्या गेल्या, रात्री गार आणि दिवसा चटका असं हवामान झालं. सोसायटीचा शेवटचा सिनेमा होता नावाड्याचा. कथा म्हणाल तर अगदी थोडी. एक म्हातारा नावाडी नदीकाठी राहतो. एका संध्याकाळी पैलतीरावर कोणीतरी कंदील हलवून त्याला बोलावतं. कोण आहे ते दिसत नाही, नुसता कंदील हलताना दिसतो. नावाडी दिवसभर वल्हवून थकलेला. तो आकाशाकडे बघतो, पाण्याकडे बघतो, आणि नाव खुंटीला बांधून झोपडीत जातो. आणि मग पाटी आली. 'नेक्स्ट मॉर्निंग'.

असा सिनेमा आमच्याच नशिबी का यावा, असं मला झालं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी पाटी वाचली नाही. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

पडद्यावर नावाडी पैलतीराला पोचला. तिथे विझलेला कंदील वाळूत आडवा पडला होता. माणूस नव्हतं. त्याने कंदील उचलला, काच पुसली, आणि मग त्याचा चेहरा पडदाभर आला. तो इतका वेळ राहिला की लोकांना वाटलं रीळ अडकलं. मागे कोणीतरी खुर्ची हलवली. प्रोजेक्टर टिकटिक करत होता. पाटी नव्हती, नुसता चेहरा होता, आणि टुप टुप थांबली होती.

"काय लिवलाय?" आई म्हणाली.

तिने ते बाबांना विचारलं. माझ्याकडे न बघता, माझं नाव न घेता, थेट. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाटी कुठली आणि चेहरा कुठला हे न कळायला ती काही आंधळी नव्हती.

बाबांनी पडद्यावरून नजर काढली नाही. मग म्हणाले, "लिवलाय..." आणि थांबले. "लिवलाय, माजा चुकला. पोऱ्याला त्याच दिशी न्याला पायजे व्हता. मना कलला नाय."

मला रडू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला, कारण पुढच्या बाई आधीच आमच्यावर नाराज होत्या. आई रडली नाही. तिने डब्यात हात घातला, मूठभर ओले वाल घेतले आणि बाबांचा हात ओढून त्यांच्या पंज्यात ठेवले. बाबांनी जन्मात वाल सोलले नव्हते. ते दोन बोटांत एकेक दाणा धरून दाबायला लागले. सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा त्यांच्या मांडीवर सालं, मोड आणि दुभंगलेले दाणे यांचा चिखल झाला होता. आईने तो सगळा भरून डब्यात घेतला. त्या दिवशीच्या बिरड्यात एक दाणा धड नव्हता, आणि तिघंही निमूट जेवलो.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही, कारण झालं नाही. अबोला एका रविवारात सुटत नाही. त्यानंतरही कित्येक दिवस जेवणाचा निरोप माझ्याच हातून जात होता. पण एकदा मी कॉलेजातून घरी आले तर स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता, "मीठ संपलाय. येताना आनाल?" आणि बाबा म्हणत होते, "आनतू." मी चपला न काढता ओटीवरच बसून राहिले. दादूसचा विषय त्या दोघांनी माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. त्या हॉलमध्ये जे बोलले तेही पाटीच्या खाती राहिलं. त्याने घर पुन्हा उभं राहिलं, एवढं मात्र खरं. पुढच्या दिवाळीला एक पणती लागली.

पुढे माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. बाळकुमचं शेत गेलं, तिथे आता इमारती उभ्या राहतायत. काही वर्षांपूर्वी बाबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्यांना माझ्या घराजवळच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. तीन तोंडांनी बोलणारा माणूस, एकही तोंड उरलं नाही. घशातून एक 'अं' निघायचा, तोही मोठ्या कष्टाने. आई त्यांच्या उशाशी बसून असायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, इथे ठेवून आता वेगळं काही होणार नाही, उद्या घरी न्या. बाबांचा डावा हात चादरीवर हलला.

"ते बोलतान, आज," आई म्हणाली.

"आजी, आज सगळं उरकायला उशीर होईल. एका रात्रीने काय होतंय? उद्या सकाळी आरामात—"

"आज," आई म्हणाली. आणि डॉक्टरांनी आजच सोडलं.

तो हिवाळा बाबा माझ्या घरी होते. त्यांना भेटायला माणसं यायची, कारखान्यातली, गावची. बाबा त्यांच्याकडे बघायचे, डोळे मिटायचे, एखादा 'अं' काढायचे. आई शेजारी बसून वाल सोलता सोलता सांगायची. "ते बोलतान, तुजी पोर बारावीला हाय ना, तिला शिकू दे, लगीनघाई करू नको." "ते बोलतान, त्या वर्षी तू आमच्या पोऱ्याला खांदा दिलास, ता ध्यानात हाय त्यांच्या." माणसं गहिवरून जायची. एका 'अं'मधून एवढं सगळं. एकदा सगळे गेल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, "आई, बाबा एवढं सगळं कुठे बोलले गं?"

तिने डब्यातून नजरही वर केली नाही.

"तवा तरी पाटीवर कुठं व्हता?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं. ती म्हणाली, धोबिणीच्यापासून. पाटी बोटभर आणि बोलणं हातभर, एवढं माप तिला कळत होतं. वर त्या गोऱ्या बाईची पाटी आपल्या बोलीत बोलायला कधी लागली, हेही तिने मनात धरलं होतं. मग गप्प का राहिलीस, असं मी विचारणार होते. पण बाबा आमच्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे हसत होते. शेंगांचा हंगाम संपायच्या आत ते गेले.

त्या सोमवारी पोरं आली. मी त्यांना नावं दिली नाहीत, सिनेमे सांगितले. एक रंगारी कोपऱ्यात अडकतो, तो पहिला लावा, म्हणजे लोक टिकतील. धोबिणीचा दुसरा, त्यात हातांकडे बघा. कॅसेटीवर मागाहून कुणी बाजा भरला असेल तर आवाज पूर्ण बंद करा, बाहेरचा रस्ता ऐकू आला तरी चालेल. नावाड्याचा शेवटी. आणि एकट्याने घरी बघू नका, शेजारी कोणीतरी पाहिजे, शक्यतो असं की ज्याला पाट्या वाचता येत नाहीत. पोरांनी सगळं लिहून घेतलं. उंच पोरगा म्हणाला, "मॅडम, पण तो शोधणार कशावरून? नाव तर पाहिजे ना." मी म्हटलं, दादरच्या माणसाला नावाडी आणि कंदील सांग, कळलं तर कळलं.

त्याला कळलं. रंगाऱ्याचा आणि धोबिणीचा आधीच्या दोन रविवारी लागून गेले, आणि काल रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर नावाड्याचा लागला. आई आता माझ्याकडेच असते. येतेस का विचारलं तर तिने आधी फडक्यातले वाल बघितले, मोड पुरेसे आलेत का ते, आणि मग हो म्हणाली. पोरं खुर्च्यांवर मागे रेलून बसली होती. आईने मांडीवर डबा उघडला आणि अंधार झाल्यावर आवाज सुरू झाला. टुप, टुप. कोणीतरी कुजबुजलं, "कसला वास येतोय रे?"

कंदील हलला. नावाड्याने आकाशाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, नाव बांधली. पडदा काळा झाला आणि ती पाटी आली. मी आईच्या कानाशी वाकले आणि जुन्या सवयीने म्हटलं, "मग..."

"मंग नाय," आई म्हणाली. "लिवलाय ता वाच."

मी वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी.

तिची बोटं थांबली नाहीत.